काच तिरकी धरून बघ

शुक्रवार पेठ, सोलापूर
सोमवार, ता. १४ मे १९३४

प्रिय विजू,

अनेक आशीर्वाद. आधी सगळ्यांची प्रकृती कळव, एकेकाची. तुझे डोळे कसे आहेत? पाऱ्याच्या दिव्याच्या निळ्या उजेडानं आग होते असं तू मागं लिहिलं होतंस. निजताना गुलाबपाण्याच्या घड्या ठेवतेस की कंटाळा करतेस? कमलम्मांचे गुडघे कसे आहेत? परक्या गावात तुला लेकीसारखं ठेवून घेणारी बाई आहे, तिला माझा नमस्कार सांग आणि एरंडाचं पान गरम करून बांधायला सांग. शेंगाची चटणी त्यांना तिखट लागली नाही ना? तुमच्या वर्गातला मंगळूरचा मुलगा गालफुगीनं पडला होता, तो उठून बसला का? तुमचे मोठे प्रोफेसर बरे असोत. सध्या माझा त्यांच्यावर राग आहे, पण राग आहे म्हणून माणसाची प्रकृती विचारू नये असं थोडंच आहे. आणि हो, तुझा तो दिवा? मध्येच धाप लागल्यासारखा फडफडतो म्हणाली होतीस. त्याचीही तब्येत लिही. तुझ्या पुढच्या पंधरा दिवसांत त्याच्या तब्येतीला तुझ्या तब्येतीइतकीच किंमत आहे. ती का, ते शेवटी सांगतो.

इकडे मास्तरांचा दमा उन्हाळ्यात जरा दम धरून असतो, तसा आहे. शाळेला सुट्टी, त्यामुळे दिवसभर ओट्यावर बसून तुझी जुनी गणिताची वही चाळतात. चष्मा पुसतात, पुन्हा तेच पान उघडतात. सोजर ठणठणीत आहे. परवा सकाळी पापडाचा घाणा घातला, दुपारी माझ्याशी भांडली, संध्याकाळी मलाच ताक पाठवलं. तुझ्या आईची प्रकृती अशीच मोजावी. भांडायची थांबली की वैद्याला बोलवायचं. ऊन म्हणशील तर एकशे नऊ डिग्री. स्टुडिओच्या काचेच्या छपरावर ओली तरटं टाकली आहेत, ती अर्ध्या तासात पापडासारखी कडकडतात. माझं विचारशील तर हाता-पायांनी धड आहे. बाकीचं या पत्रात येईल तसं येईल. तीन दिवसांत हे चौथं पत्र. आधीची तिन्ही फाडली.

तुझं पत्र गुरुवारी पोहोचलं. नेहमीप्रमाणं स्टुडिओच्या पत्त्यावर आलं, आणि नेहमीप्रमाणं संध्याकाळी मी ते तुमच्या ओट्यावर मोठ्यानं वाचायला घेतलं. मास्तर, सोजर आणि समोरचे कापडवाले शरणप्पा, एवढी मंडळी. शरणप्पांना आमंत्रण लागत नाही, पाकीट फाडल्याचा आवाज पुरतो. मी वाचत होतो. प्रोफेसरांनी मी पाठवलेलं पार्सल उघडलं, तुझ्या काचेवरून काढलेली मोठी प्रिंट उजेडात धरली आणि म्हणाले, प्रिंट अप्रतिम आहे, कुणी काढली? इथं मी थांबलो, बरं का. टोपी नीट केली. शरणप्पांकडे बघितलं. तेच वाक्य पुन्हा एकदा वाचून दाखवलं. मूर्खासारखा! आणि मग पुढची ओळ आली. प्रोफेसर म्हणाले, पण तुम्ही सांगता त्या पाच रेघा यात आहेत कुठं?

पुढं तू लिहिलंस ते वाचताना माझा आवाज उतरत गेला. अठरा जणांचा वर्ग, हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या कॉलेजांतली नवी, शिकाऊ संशोधक मंडळी, त्यात तू एकटी बाई. सहा आठवड्यांच्या या उन्हाळी वर्गानंतर एकालाच दोन वर्षं तिथं राहून संशोधन करायला जागा मिळायची, आणि ती ज्याच्या त्याच्या प्रयोगाच्या फोटोच्या काचेवर ठरायची. तू सगळ्यांसमोर सांगितलंस की काच धुतली तेव्हा लाल दिव्यात मी माझ्या डोळ्यांनी पाच फिकट रेघा पाहिल्या, मोजल्या. त्यांनी भिंगाखाली काच घातली. काही नाही. मूळ रेघ तेवढी ठसठशीत. तेव्हा ते हसून म्हणाले, तरुण डोळ्यांना जे हवं असतं ते दिसतं. आणि सगळा वर्ग हसला. तू लिहितेस, ‘मामा, मला आता माझ्याच डोळ्यांचा भरवसा वाटत नाही. पुढच्या शनिवारी, १९ तारखेला निघते. वर्ग पुरा करून काय करू?’

सोजर म्हणाली, “ये म्हनावं. लई झालं. तितं उजेड मोजत बसलीया, हितं आई मोजत बसलीया दिवस.” शरणप्पा म्हणाले, “पाच रेघांसाठी बंगलूर गाठायचं कशाला? माझ्या दुकानात या की. पाहिजे तेवढ्या रेघांचं लुगडं दाखवतो.” एरवी मी हसलो असतो. त्या दिवशी मी त्यांना म्हटलं, “शरणप्पा, तुमच्या लुगड्याची रेघ धुतली की जाते.” ते रागावून उठून गेले, अजून बोलत नाहीत. मास्तरांनी चष्मा पुसला. पत्र माझ्या हातातून घेतलं, घडी घातली, वहीत ठेवलं. मग म्हणाले, “महिपती, माझी पोरगी नसलेलं बघत नाही.”

विजू, तुझ्यावर चिडलो होतो मी, सांगतो. म्हटलं, एवढ्या हट्टानं गेलीस, पुण्याच्या कॉलेजातली डेमॉन्स्ट्रेटरची नोकरी, सुट्टीतला आराम, सगळं बाजूला सारलंस आणि एका माणसाच्या हसण्यावर ट्रंक भरायला घेतलीस? गुळाला मुंग्या लागल्या म्हणून कुणी गूळ टाकतं का? मग प्रोफेसरांवर चिडलो. मग उन्हावर, टपालावर, शरणप्पांवर. चिडायला माणसं कमी पडायला लागली तसा मी स्टुडिओत जाऊन बसलो. गिऱ्हाइकांना परत पाठवलं. फोटो काढायला आलेल्या एका नव्या जोडप्याला म्हटलं, आज उजेड बरा नाही. भर मे महिन्यात, सोलापुरात, उजेड बरा नाही! ती बिचारी वर आभाळाकडे बघत गेली.

तुझं वर्गातलं पहिलं पत्र आठवतंय? एप्रिल सरत होता. तू लिहिलं होतंस की इथं आम्हांला नवं पदार्थविज्ञान शिकवतात, क्वांटमचं. उजेड अखंड वाहत नाही, ठरावीक तुकड्यांनी येतो, अर्धा तुकडा कधीच नाही. मी दोन रात्री विचार केला आणि तुला उलट टपाली कळवलं, म्हणजे बघ, आम्ही जन्मभर समजत होतो की उजेड म्हणजे ज्वारीचं पीठ, हवं तेवढं चिमटीत घ्यावं. तुम्ही म्हणता ते दाणे आहेत. तू लगेच लिहिलंस, ‘मामा, अगदी बरोबर, हे मी उद्या वर्गात सांगणार.’ ते पत्र मी आठ दिवस खिशात घेऊन फिरलो. चौथीपर्यंत शिकलेला माणूस मी. फोटोचं काम इंग्रजी पुस्तकातून, शेजारी डिक्शनरी ठेवून शिकलो, एकेका शब्दापायी एकेक काच नासवली. मला कुणी ‘अगदी बरोबर’ म्हणण्याचे प्रसंग आयुष्यात किती आले असतील?

आणि म्हणूनच, पार्सलबरोबरची तुझी ती चिठ्ठी मला लागली. तेव्हा बोललो नाही, आता बोलतो. ‘वेळ नाही, बाकी काय आहे ते लिहीत बसत नाही, तुम्हांला कळायचं नाही.’ दाण्याचं कळलं आणि हे कळलं नसतं? असो. घाईत होतीस. घाईत आपण आपल्याच माणसाचा पाय तुडवतो, परक्याचा चुकवतो. पण ती एक ओळ माझ्या डोक्यात बसली, आणि मला वाटलं, थांब, कळत नसेल मला, पण हात तर आहे? असा हात दाखवतो की तुझे प्रोफेसर बघत राहतील. हे मी मुद्दाम लिहितोय. दोष तुझ्यावर ढकलायला नव्हे. माणूस चूक करतो तेव्हा बहुतेक वेळा प्रेमातच असतो, आणि थोडा फुरंगटलेलाही, हे तुला माहीत असावं म्हणून.

तुला काळ्या खोलीत मी पहिल्यांदा नेलं तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस. तुझ्या आईला वाटलं पोरगी अंधाराला भिईल. लाल कंदिलाच्या उजेडात बशी हलवत होतो, आणि कोऱ्या काचेवर हळूहळू एक काळा फेटा उमटला, मग पांढऱ्या मिशा, मग काळे दात. तू ओरडलीस, “मामा, भूत!” मी म्हटलं, “भूत नव्हे, माझं पोट भरणारं गिऱ्हाईक. काचेवर सगळं उलटं असतं, काळं ते पांढरं.” तेव्हापासून उन्हाळ्याच्या सुट्टीत तू माझ्याकडेच. आपल्याकडचं ऊन म्हणजे काचेचा काळ. पाणी कोमट झालं की काचेवरचा थर सायीसारखा सुटून येतो. माठाभोवती ओला वाळा गुंडाळायचा, त्याच पाण्यात औषध कालवायचं आणि थर घट्ट व्हायला शेवटी तुरटीचं पाणी, हे तू माझ्या आधी जाणायला लागलीस. तुमच्या वर्गातल्या इतरांच्या काचांचे थर पहिल्या आठवड्यात उकाड्यानं सुटले, आणि तू तुरटी मागवलीस तेव्हा सगळे बघत राहिले, असं तू लिहिलंस तेव्हा मी ते पत्र कोपऱ्यावरच्या वाण्याला वाचून दाखवलं होतं. तुरटी त्याच्याच दुकानातली ना!

आणि तुझ्या मॅट्रिकच्या वेळचा तो फोटो. त्याची आठवण काढायची नाही असं गेले तीन दिवस ठरवतोय, आणि दुसरं काही आठवतच नाही. मुलींत पहिली आलीस. हेडमास्तरीणबाईंनी शाळेत लावायला फोटो मागितला. मी तुला उत्तरेच्या उजेडात बसवलं, चांगला फोटो आला. मग मी काच घेऊन बसलो. सहा वर्षांची असताना तुला देवी आल्या होत्या, गालांवर, कपाळावर त्यांचे व्रण. मी पेन्सिल घेतली, चाकू घेतला. तुला माहीत आहे तो बारीक चाकू, केसाएवढ्या धारेचा. काचेवर काळं जास्त झालं तर त्यानं अलगद खरवडायचं, इतकं अलगद की थर राहावा आणि डाग जावा. पेठेत या कामात माझा हात धरणारा कुणी नाही. दोन दिवस बसून एकेक व्रण काढला. लोण्यासारखा चेहरा केला. तुला म्हटलं, बघ.

तू बराच वेळ बघितलंस आणि विचारलंस, “मामा, ही कोण?”

मी म्हटलं, “तू की.”

तू म्हणालीस, “मला देवी आल्या होत्या. हिला आल्या नाहीत. मग ही मी कशी?” आणि मग, डोळ्यांत पाणी नाही, काही नाही, मास्तरांसारख्या शांत आवाजात, “आईनं मला कडुलिंबाच्या पाल्यावर अकरा दिवस निजवलं. त्यातून मी उठले. तेवढंच नेमकं तुम्ही पुसून टाकलंत.”

मी ती काच बाजूला ठेवली. तुला पुन्हा बसवलं, पुन्हा फोटो काढला, चाकूला हात लावला नाही. तो फोटो अजून स्टुडिओच्या दारात पहिला टांगलेला आहे. गिऱ्हाइकं बघतात आणि म्हणतात, “हिचे डाग काढायचे राहिले वाटतं?” मी सांगतो, “राहिले नाहीत, ठेवलेत.” आणि त्या दिवशी मी तुला शब्द दिला होता. ‘विजू, तुझ्या काचेला हा चाकू पुन्हा लागणार नाही.’ आठवतोय? मला आठवतोय.

पण बाकीच्या गावाचं काय सांगू तुला. ज्याला त्याला गोरं व्हायचंय. वीस वर्षं मी लोकांचे काळे रंग उजळतोय, तीळ उडवतोय, तुटके दात बसवतोय. शरणप्पांचं पोट चार बोटं आत घेतलं तेव्हा म्हणाले, “अजून दोन बोटं मावतील की.” डोळ्याला तीच खोड लागली आहे. काच हातात आली की माणूस दिसतच नाही, आधी डाग दिसतो. बायका ज्वारी निवडतात ना, गप्पा चालू असतात, लक्ष कुठं असतं देव जाणे, पण बोटं खडा बरोबर वेचतात, तसा माझा हात. डोक्याला विचारतही नाही.

तुझं पार्सल बुधवारी, २ मेला आलं. कापसात गुंडाळलेली काच आणि ती चिठ्ठी. प्रिंट मोठी काढून सरळ प्रोफेसरांच्या नावे, काचेसकट, रजिस्टर करा, शेवटची तारीख जवळ आली. स्टुडिओचं दार लावून घेतलं, हात दोनदा धुतले. लग्नाच्या वऱ्हाडांचे फोटो काढणारा मी. माझ्या हातचं काम विद्वानांच्या टेबलावर जाणार होतं. काच उजेडात धरली. मधोमध ती ठसठशीत काळी रेघ. सुरेख! तुझ्या हाताची धुलाई, एक थेंब डाग नाही. मी दिवसभर तिच्यापाशी बसलो. दुपारी सोजरनं जेवायला हाक मारली तर म्हटलं, विजूचं काम आहे, तू जेव. दिवेलागणीला प्रिंट वाळली तेव्हा मी स्वतःशीच म्हटलं, महिपती, आयुष्यात एवढं स्वच्छ काम तू केलेलं नाहीस. पोस्टात जाताना वाटेत भेटेल त्याला सांगत गेलो, भाचीचं आहे, बंगलूरला चाललंय.

गुरुवारच्या पत्रात, रागारागानं का होईना, तू त्या रेघांचं सगळं समजावून लिहिलंस. मला कळलं ते असं, चुकत असेन तर सांग. शुद्ध निळा उजेड द्रवातून सोडायचा. बहुतेक दाणे गेले तसेच बाहेर येतात. पण लाखांत एखादा दाणा द्रवाच्या कणाला काही देऊन येतो, किंवा त्याच्याकडून काही घेऊन येतो, आणि तेवढा त्याचा रंग पालटतो. देणंघेणंही वाट्टेल तेवढं नाही, ठरलेल्या मापाचं. असे दाणे अगदी थोडे, म्हणून मूळ रेघेच्या शेजारी त्यांच्या रेघा फिकट, केसासारख्या, उजवीकडे तीन, डावीकडे दोन. त्या द्रवाची ओळख मोठ्या रेघेत नाही, या पाचांतच आहे. वाचता वाचता ‘उजवीकडे तीन, डावीकडे दोन’ इथं मी अडखळलो. मास्तर म्हणाले, “काय झालं?” मी म्हटलं, “अक्षर लागत नाही.” तुझं अक्षर, विजू, आणि मला लागत नाही!

तर आता ऐक, आणि ऐकून झाल्यावर मला हवं ते म्हण. त्या पाच रेघा होत्या. तुझे डोळे खरे होते. त्या मी काढल्या. काच कशाला घासटली की अशाच बारीक काळ्या रेघा उठतात, त्या आम्ही ओरखडे म्हणतो, आणि माझ्या हातानं त्यांना ओरखडे म्हणूनच ओळखलं. हातानं डोक्याला विचारलं नाही, डोक्यानं तुला विचारलं नाही, आणि तुला दिलेला शब्द आठवलाही नाही, कारण काचेवर तुझा चेहरा नव्हता. तुझा चेहरा हाच आहे हे मला कळायला गुरुवार उजाडावा लागला. खडे समजून मी दाणे वेचून फेकले. पण नीट लक्ष दे, सगळं गेलेलं नाही. तुमचं भिंग काचेच्या आरपार बघतं, आणि आरपार बघून माझा चाकू कुणाला दिसायचा नाही, तेवढा हात मी कमावलाय. काच तिरकी धरून बघ. थर असलेली बाजू आपल्याकडे, सकाळच्या खिडकीशी, उजेड कडेनं घसरत यायला हवा. मोठ्या रेघेच्या दोन्ही अंगांना चकाकी गेलेल्या पाच बारीक पट्ट्या दिसतील, ओल्या बोटानं पुसल्यासारख्या. तो माझा चाकू. मी जिथं जिथं खोडलं, तिथं तिथं तुझं खरं आहे. तिथूनच मोजा. सोबत एक कागद आहे, तो जपून ठेव. प्रत्येक काचेच्या वेष्टनावर मी काय काय काढलं ते लिहून ठेवायची माझी सवय तुला माहीत आहे, ‘गालावर चार, हनुवटीवर एक’ असं. काच तिकडे गेली तरी तिचं वेष्टन इथंच राहिलं होतं, ते मी परवा पेटीतून काढलं, तोच हा कागद. त्यावर माझ्याच पेन्सिलीनं लिहिलंय, ‘ता. २ मे. ओरखडे काढले, उजवीकडे ३, डावीकडे २.’ तुझं पत्र यायच्या आठ दिवस आधीची तारीख आहे. मला क्वांटम कळत नव्हतं, हीच आता तुझी साक्ष. तो कागद आणि हे पत्र प्रोफेसरांपुढं ठेव, कुणाकडून तरी इंग्रजीत करून घे, माझी लाज राखायला एक शब्दही गाळू नकोस, आणि सगळ्या वर्गासमोर वाच. हसले होते ते सगळ्यांसमोरच. ते म्हणतील तर मी पहिल्या गाडीनं तिथं येऊन उभा राहतो. वर्ग संपायला अजून सतरा दिवस आहेत, म्हणून त्या दिव्याची तब्येत विचारली. तो धड असेल तर दुसरी काच लावायला परवानगी माग, चाळीस तास उजेड दिला की पुरे, आणि ती काच धुऊन झाल्यावर कुणाही मामाकडे पाठवू नकोस. मास्तरांना आणि सोजरला मी काल संध्याकाळी सगळं सांगितलं. सोजर आज सकाळपासून माझ्याशी भांडलेली नाही, यावरून काय ते समज. मास्तरांनी मात्र मला धरून वाण्याकडे नेलं, तुझ्यासाठी पावशेर तुरटी घेतली, ती वेगळ्या पार्सलनं निघेल. हे पत्र मी स्वतः स्टेशनवर जाऊन मेलच्या टपालडब्यात टाकतोय, गुंटकलला गाडी बदलून बुधवार-गुरुवारपर्यंत तुझ्या हाती यावं, ट्रंक बांधायच्या आत. रागावून लिही, चार शिव्या घालून लिही, नुसतं ‘काच तिरकी धरली’ एवढंच लिही, पण त्याच दिवशी लिही, विजू. मी रोज टपालवाल्याच्या वाटेवर उभा असेन.

तुझाच,
महिपतीमामा